यात्रेला सगळे येतात, तेव्हा चावडी उघडी असू द्या

चैत्र लागला की सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या गावांतून यात्रांची रांग लागते. शिंगणापूरचा महादेव आणि जोतिबाचा डोंगर उरकला, की ज्याच्या त्याच्या गावचा भैरोबा, म्हसोबा नाहीतर सिद्धनाथ. एरवी कुलूप लागलेली घरं उघडतात. मुंबई-ठाण्याच्या गाड्या पार ओढ्यापर्यंत लागतात. ज्या आळीत चार म्हातारी माणसं दिसायची तिथं चालायला वाट राहत नाही. पहिल्या दिवशी पोळीचा निवद आणि रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी मटण, दुपारी कुस्त्यांचा फड, रात्री तमाशा. तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गाव निम्मं रिकामं.

या दोन दिवसांत माणसाला बसायला सवड नसते. चुलत्याकडं ताट, मामाकडं ताट, शाळेच्या सोबत्याकडं चहा. एका घरी गेलं नाही तर वर्षभर बोलणं खावं लागतं. शेतकरी बंधूंनो, यातलं काही वाया जातं असं मी म्हणत नाही. गिरण्यांमुळं, गोदीमुळं आणि माथाडीच्या कामामुळं आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं मुंबईला गेली. १९८२ च्या संपानंतर कित्येकजण हात हलवत परत आले, त्यांना गावच्या जमिनीनंच धरलं. गाव आणि मुंबई यांच्यातला धागा यात्रेनं राखला. मुंबईच्या मंडळानं देवळाला सभामंडप दिला नाही असं गाव शोधावं लागेल.

पण एक गोष्ट दर वर्षी राहून जाते. ती म्हणजे सातबारा.

आपापला उतारा काढून बघा. किती खात्यांवर वारलेल्या आजोबांचं नाव अजून तसंच आहे? कुठं थोरल्या भावाच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' एवढंच लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि तो मॅनेजर जाऊन वीस वर्षं झाली. जमीन कसतो धाकटा, पण त्याच्या नावावर गुंठा नाही. मग सोसायटीत पीककर्ज अडतं, किसान सन्मानचा हप्ता अडतो, नुकसानभरपाईची यादी आली की नाव सापडत नाही. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आला, तोही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यालाच. शासनाला हे ठाऊक आहे, म्हणून तर त्याच वर्षी १ एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मोहीम चांगलीच होती. पण वारस वांद्र्याला, घाटकोपरला आणि सुरतेला पांगलेले असले, तर एकट्या तलाठ्यानं काय करायचं?

हे सगळे वारस एका जागी कधी असतात, तर यात्रेच्या या दोन दिवसांत. नाहीतर मग मयतीला. मयतीला कागद कोण काढणार?

कायदा सोपा आहे. महसूल संहितेच्या १४९ कलमाप्रमाणे वारसाहक्कानं जमीन आली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, नातं आणि प्रतिज्ञापत्र. फेरफार धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. वाटप करायचं आणि सगळ्यांची संमती असेल, तर ८५ कलमाखाली तहसीलदारांकडं अर्ज. संमती नसेल तर दिवाणी कोर्ट, आणि तिथला रस्ता किती लांबचा ते मी सांगायला नको.

इथं एक इशारा दिला पाहिजे. यात्रेला माहेरवाशिणीही येतात. बहिणीला साडी-चोळी करायची, ताट वाढायचं आणि जाता जाता "इथं जरा सही कर" म्हणायचं, हा प्रकार गावोगाव चालतो. तो बंद करा. वारस नोंदीत बहिणीचं नाव आलंच पाहिजे, ते गाळून दिलेली यादी खोटी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा २००५ च्या दुरुस्तीनं देशभर दिला, आणि महाराष्ट्रानं तर तो १९९४ लाच दिला होता. तिला हक्क सोडायचा असेल तर तिनं घरी जाऊन विचार करावा आणि दुय्यम निबंधकापुढं नोंदणी करून सोडावा. घरात बसून केलेल्या बिननोंदणीच्या हक्कसोडीला कायद्यात किंमत नाही. म्हणून म्हणतो, यात्रेत नावं लावा, नावं कमी करू नका.

जुनी माणसं म्हणतील, देवाच्या दिवशी भाऊबंदकी कशाला उकरता? खरं आहे, बांधाची भांडणं त्या दिवशी काढूच नयेत. मटणाच्या पंगतीनंतर तर मुळीच नाही. पण वारसांची यादी म्हणजे भांडण नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा, कुस्त्या सुरू व्हायच्या आत, दोन तास पुरतात.

तलाठी भाऊसाहेबांनाही विनंती आहे. (२०२४ पासून कागदावर ग्राम महसूल अधिकारी, पण गावाच्या तोंडी तुम्ही तलाठीच.) त्या सकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल टाकून बसा. मयत खातेदारांची यादी आठ दिवस आधी फळ्यावर लावा. ग्रामपंचायतीनं मृत्यूचे दाखले तयार ठेवावेत, कारण निम्मी प्रकरणं तिथंच अडतात. एका सकाळी जे होईल, त्यासाठी एरवी वर्षभर फोन करावे लागतात. आणि ज्यांची यात्रा १ मेच्या आसपास येते, त्यांनी ग्रामसभेलाही मुंबईकरांना बोलवावं. मतदार यादीत नाव गावातच असेल तर तो ग्रामसभेचा सदस्य आहे. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी असतील ते लागतात, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब करायची सवय आपल्याला फार.

होळीच्या सुमारास यात्रा कमिटीची बैठक बसते. घरटी वर्गणी किती, तमाशाचा फड कुठला, मंडप कुणाचा, यावर रात्रीचे बारा वाजतात. त्या वहीत यंदा एक ओळ वाढवा : दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत, वारस नोंदी. आणि देणगीदारांची नावं माईकवरून पुकारताना मध्ये हेही पुकारा.