सुट्टी लेकीची, मुक्काम आपला

लेक नैरोबीत असली की आपण पहिलं विचारतो, "तुम्हा दोघांना सुट्टी कधी? तेव्हाच येते." मीही तेच केलं. १२ डिसेंबरच्या जम्हुरी दिनाला, म्हणजे केनियाच्या स्वातंत्र्यदिनाला पोहोचले आणि नवं वर्ष उजाडल्यावर परतले. २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी, लेकीच्या साऱ्या सुट्ट्या माझ्या पाहुणचारात गेल्या. दोघांचं मोंबासाला जाणं राहूनच गेलं. ती बोलली नाही, पण आईला कळतंच ना!

म्हणून आता माझं मत उलटं आहे. त्यांना सुट्टी नसेल तेव्हाच जावं. केनियात १ जूनच्या मदारका दिनानंतर ठरलेल्या तारखेची सुट्टी येते ती थेट १० ऑक्टोबरला, मग २० ऑक्टोबरला मशुजा दिन. आपलं पर्युषण या मधल्या काळातच येतं. लेक कामावर गेली की स्वयंपाकघर आपल्या हाती. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तिथे बारा महिने साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळीच दोन डबे भरून दिले की ऑफिसात बसूनही तिचा चौविहार साधतो.

तिथे रविवारची सुट्टी सोमवारी मिळते. तो जोडून आलेला सोमवार लेक-जावयाचा! आपण घरी निवांत सामायिक करावं.

यंदा क्षमापनेला मी लेकीची त्या डिसेंबरसाठी क्षमा मागितली. ती हसली, आणि मग रडली.