जीप मिरवायची की कामाला जुंपायची?

वाचकहो, आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जुन्या जीपगाड्यांना तोटा नाही. कुणाच्या गोठ्याच्या कडेला, कुणाच्या उसाच्या बांधावर, कुणा गॅरेजच्या मागे बाभळीखाली एखादी महिंद्रा वर्षानुवर्षे उभी असते. टायर बसलेले, हूड फाटलेला आणि आत कोंबड्यांचा संसार. अलीकडे तरुण मंडळींमध्ये अशा गाड्या घेऊन त्या नव्या करण्याची हौस वाढली आहे. मोठे टायर, चकचकीत रंग, पुढे चार-चार दिवे. मग ती गाडी वरातीत आणि मिरवणुकीत फिरते. हौसेला मोल नसते हे मान्य. पण कुंडल आणि पलूसच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने या गाडीकडे आणखी एका नजरेने पाहिले पाहिजे. ती नजर पुराची आहे.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५ साली हे पाणी ५३ फुटांच्या वर गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या आसपास पोचले. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली, नागठाणे या नदीकाठच्या गावांनी काय सोसले ते त्यांनाच ठाऊक. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णा-येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेकांचे प्राण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. पाणी चढल्यावर सगळ्यांनाच एकदम बाहेर पडायचे होते.

या शेवटच्या वाक्यातच सगळे आले. पाणी दारात आल्यावर बोट लागते आणि बोटी नेहमीच कमी पडतात. त्याआधीच्या दिवशी, रस्ता उघडा असतानाच म्हातारी-कोतारी, गरोदर बाया, आजारी माणसे उंचावर नेऊन ठेवली, तर शेवटच्या बोटीत तेवढी गर्दी कमी. हे आधीच्या दिवसाचे काम जुन्या जीपचे आहे. कुंडल नदीपासून त्या मानाने लांब, डोंगराच्या पायथ्याशी आहे. म्हणून नदीकाठच्या माणसांना नेण्या-आणण्याची जबाबदारी कुंडलसारख्या गावांवर जास्त येते.

आधी जीप काय करू शकत नाही ते सांगतो, कारण माणसे जातात ती याच गैरसमजाने. जीप उंच असते, म्हणून ती वाहत्या पाण्यातून जाईल असे पोरांना वाटते. अमेरिकेचे हवामान खाते लोकांना सांगते की, एक फूट वाहते पाणी लहान मोटारीला वाहून नेऊ शकते आणि दोन फूट पाणी जीपसारख्या गाड्यांसह बहुतेक वाहनांना. चारही चाकांना ताकद असली तरी चाक जमिनीवर टेकलेले असेल तरच तिचा उपयोग. गाडी तरंगू लागली की चार काय आणि दोन काय! वरून वाहणाऱ्या पाण्याखाली पूल खचला आहे की शाबूत आहे, हे ड्रायव्हरला दिसत नाही. तेव्हा पुलावरून पाणी वाहत असेल तर जीप अलीकडेच थांबली पाहिजे. हा नियम गाडीच्या काचेवर रंगवून घ्यावा.

आता तिचे काम. चिखलाचा पाणंद रस्ता, गाळाने भरलेली गल्ली, दरडीचे दगड पडलेला घाट, इथे साधी मोटार अडते आणि फोर बाय फोर जीप निघते. केरळात २०१८ च्या महापुरात कोळी बांधवांनी बोटी काढल्या, तसे डोंगरात जीप पळवणाऱ्या हौशी मंडळींनीही आपल्या गाड्या मदतीला दिल्या. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हाही अशा जीपवाल्यांनी माणसे आणि सामान वाहून नेले. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. त्याच तालुक्यात ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला होता. संकट पुराचेच येईल असे नाही.

कुणी म्हणेल, ट्रॅक्टर आहेतच की! आहेत, आणि ते मोठे काम करतात. पण ट्रॉलीत आजारी माणसाचे हाल होतात, ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो आणि उतारावर ती उलटण्याची भीती असते. बाळंतिणीला किंवा डायलिसिसच्या पेशंटला रात्री सांगलीला न्यायचे तर जीपच बरी. दोन्ही असावीत. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. गावाजवळ पैसे थोडेच असतील, तर ते आधी लाइफ जॅकेटवर घाला. जीपचा विचार त्यानंतर.

गाडी निवडताना फसू नका. वडापला फिरलेल्या कमांडर, मेजर, ट्रॅक्स या गाड्या दिसायला जीप, पण त्यातल्या बहुतेकांच्या फक्त मागच्या चाकांना ताकद असते. ओळखायची खूण सोपी आहे. गाडीखाली वाकून पाहा. मागच्या एक्सलला जसा गोल फुगवटा असतो, तसाच पुढच्या एक्सललाही असेल तर ती फोर बाय फोर. आत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दांडा असतो तोही पाहावा. अमेरिकेची विलीज जीप दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ पासून तयार झाली आणि स्वातंत्र्यानंतर तिचीच घडण महिंद्रांनी मुंबईत सुरू केली. सीजे ३ बी, सीजे ५००, एमएम ५४० ही त्याच घराण्यातली नावे. काही डिझेल जीपना तर इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या जातीचे इंजिन असे. त्यामुळे ट्रॅक्टरचा मेकॅनिक तिला परका नाही. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे, साखर कारखाने आहेत, गावोगाव लेथवाले आणि वेल्डर आहेत. हुनर आपल्याकडे भरपूर आहे.

दुरुस्तीचा क्रम रंगापासून सुरू करू नये. पहिली पाहायची ती चासी. तिच्यावर हातोडीने टकटक करावी. गंज आरपार गेला असेल, तर गाडी भंगारात देणे हाच शहाणपणा. चासी शाबूत असेल तर पुढचे काम ब्रेकचे. उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि सिलिंडर आतून गंजतात. म्हणून सिलिंडर, रबरे, होज पाइप बदलूनच घ्यावेत. मग डिझेलची टाकी उतरवून धुवावी, कारण तळाचा गाळ हमखास भर रस्त्यात फिल्टर तुंबवतो. टायरवर नक्षी भरपूर दिसते म्हणून समाधान मानू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांचा टायर नवा दिसला तरी म्हाताराच.

पाण्या-चिखलाची गाडी म्हणून आणखी दोन कामे. डिफरन्शियलला हवा जायला छोटे तोंड असते, त्याला ब्रीदर म्हणतात. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की याच तोंडातून पाणी आत ओढले जाते आणि ऑइल दुधासारखे होते. म्हणून तिथे रबरी नळी लावून ती वर इंजिनपाशी न्यावी. दुसरे, एअर फिल्टरचे तोंड जितके उंच तितके बरे. डिझेल इंजिनाने घोटभर पाणी ओढले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारू नये, हे प्रत्येक ड्रायव्हरला बजावून ठेवावे. तसेच कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढची ताकद जोडून गाडी पळवू नये, गिअरवर ताण येऊन दात तुटतात.

कागदपत्रांचे काय? महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर आरटीओत गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. वर पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे, तेव्हा चालू दर आधी विचारून घ्यावा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर निर्बंध आले म्हणून आपल्याकडेही गाडी बाद झाली, असे समजू नये. सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील गाड्या मात्र १ एप्रिल २०२३ पासून बाद करून भंगारात काढायच्या आहेत. तेव्हा कचेरीची जुनी जीप स्वस्तात मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन किंवा गाडीचा मूळ सांगाडा बदलणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग आहे. त्रयस्थ व्यक्तीचा विमा तर सक्तीचाच. अपघात झाला आणि विमा नसला, तर समाजकार्य करणारा माणूसच देशोधडीला लागेल.

आता मुख्य प्रश्न. ही गाडी कुणाची? एकाच्या वाड्यात उभी राहणारी जीप त्या वाड्याच्या मर्जीने चालते. आपल्यापैकी अनेकांची घरे गावाच्या कडेला, ओढ्याच्या बाजूला, सखल जागेत आहेत. ती तिथे का आहेत हे या साप्ताहिकाच्या वाचकाला सांगायला नको. पाणी तिथे आधी शिरते आणि गाडी तिथे शेवटी पोचण्याची भीती असते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदत वाटताना दलित कुटुंबांना डावलले गेल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी लिहून ठेवल्या आहेत. म्हणून जीप नोंदणीकृत मंडळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावावर असावी. किल्ल्या दोन असाव्यात आणि त्यातली एक सखल वस्तीत राहावी. कुणाला आधी न्यायचे त्याची यादी मे महिन्यातच लिहून ठेवावी. सर्वांत खालच्या घरापासून सुरुवात. त्यातही अंथरुणाला खिळलेले, गरोदर, तान्ही मुले असलेल्या आया आणि म्हातारी माणसे आधी. यादी भिंतीवर लावली की ऐनवेळी वाद होत नाही आणि वशिलाही चालत नाही.

मी कारकून माणूस, बी.कॉम. शिकलेला. हिशेबाच्या पुस्तकात घसारा लावत गेले की पंधरा वर्षांची गाडी जवळजवळ शून्य किमतीला येते. त्या शून्यातून जीव वाचवायचे असतील तर दुसरी एक वही ठेवावी लागेल. दुरुस्तीचा खर्च एकदाचा असतो, देखभालीचा दरवर्षीचा. लोक पहिल्यासाठी उत्साहाने वर्गणी काढतात आणि दुसऱ्याला विसरतात. मग दोन वर्षांनी तीच गाडी पुन्हा बाभळीखाली दिसते. म्हणून दर पंधरा दिवसांनी गाडी सुरू करून चार-पाच किलोमीटर फिरवावी, पुढची ताकद मातीच्या रस्त्यावर जोडून पाहावी, आणि वहीत लिहावे: तारीख, ऑइल, पाणी, बॅटरी, ब्रेक, टायरची हवा, टाकीतले डिझेल, पाहणाऱ्याची सही. बचत गटाच्या भगिनी पै-पैचा हिशेब चोख ठेवतात. ही वही त्यांच्याच हाती द्यावी असे माझे मत आहे.

भगिनींनो, केवळ वहीच कशाला? घरातल्या मुली-सुनांनी जीप चालवायलाही शिकावे. दिवसपाळीला पुरुष मंडळी कारखान्यात, शेतात असतात आणि पाणी काही वेळ विचारून येत नाही. प्रत्येक घराची एक पिशवी तयार असावी. रेशनकार्ड, जातीचा दाखला, आधार, मुलांची शाळेची कागदे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, रोजची औषधे, सॅनिटरी पॅड, बाळाचे दूध, टॉर्च. गाडीत जाड दोर, साखळी, फावडे, जॅक आणि त्याखाली ठेवायला फळी असावी. गाडी आणि ड्रायव्हर यांची नोंद तहसीलदार कचेरीत देऊन ठेवावी. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२ हे नंबर दारामागे लिहावेत. आपण प्रशासनाच्या मदतीला जायचे आहे, त्यांच्या वाटेत नाही.

१ मे रोजी ग्रामसभा असते. त्यानंतर पावसाला महिनाभरच उरतो. तुमच्या गावात अशी जीप उभी असेल तर त्याआधीच तिच्याखाली वाकून पाहा, मालकाशी बोला, मेकॅनिकचा अंदाज कागदावर घ्या आणि तो कागद घेऊन सभेला जा. सोबत सखल वस्तीतल्या घरांची यादीही न्या. जीपचा विषय पुढे ढकलला गेला तरी यादी त्याच दिवशी मंजूर करून घ्या. तिला वर्गणी लागत नाही.