रद्दींतील चित्रसृष्टि

पाडवा जवळ आला कीं घरोघरीं माळे झाडण्याची धांदल उडते. जुनीं पंचांगें, मुलांच्या वह्या, वर्तमानपत्रें यांचा ढीग ओसरीवर पडतो आणि रद्दीवाला तराजू घेऊन बसतो. यंदा आमच्या इंदापूरच्या घरीं ही घाई दुप्पट होती, कारण वाडा वांटणीस निघाला होता. थोरल्या काकांची पत्र्याची ट्रंक उघडल्याचें आम्हांस कळलें, तोंवर ती अर्धी रिकामी झाली होती. उरलेल्या कागदांत, मोडी हिशेबांच्या खालीं, निघालीं ग्रेटा गार्बोच्या ‘कॅमिल’ या १९३६ सालच्या चित्रपटाचीं दोन रंगीत कार्डें! काका १९४० च्या सुमारास पुण्यास शिकत होते, एवढेंच आम्हांस ठाऊक. ते कधीं इंग्रजी सिनेमास गेले असतील, असें त्यांच्या शेंडीकडे व पळीपंचपात्राकडे पाहून कोणास वाटलें नसतें.

जाहिरातीचा जन्मच मुळीं टाकून दिलें जाण्यासाठीं असतो. चित्रपट पडद्यावरून उतरला कीं तिचें काम संपलें. थिएटरच्या दर्शनीं भागांत लावण्याचीं अशीं कार्डें बहुधा आठांच्या संचानें येत. आकार ११ इंच व १४ इंच. भिंतीवरचें नेहमींचें भित्तिपत्रक २७ इंच रुंद व ४१ इंच उंच असे. अमेरिकेंत १९२० सालीं निघालेल्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या कंपनीकडे १९४० पासून मोठमोठ्या स्टुडिओंच्या या कागदांचें वांटप आलें. थिएटरवाल्यांस ते भाड्यानें मिळत आणि खेळ संपतांच परत करावे लागत. तेच पुढच्या गांवीं जात. फाटले कीं संपले. दुसऱ्या महायुद्धांत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत पुष्कळ साठा लगद्यांत गेला. जें थोडें वांचलें, त्याचें मोल आज ऐकावें! १९३२ च्या ‘द ममी’ या चित्रपटाच्या एका भित्तिपत्रकास १९९७ सालीं साडेचार लाखांहून अधिक, तर १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’च्या एकास २००५ सालीं ६ लाख ९० हजार डॉलर आले.

ही उठाठेव परक्यांचीच, असें मात्र कोणी समजूं नये. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें स्वतः रंगविलीं. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चें भित्तिपत्रक आपल्या देशांतील उरलेल्या जुन्यांत जुन्या भित्तिपत्रकांत गणलें जातें. १९३८ सालीं मुंबईस धोबीतलावाजवळ मेट्रो थिएटर उघडलें, आणि हॉलिवूडच्या चित्रपटांचीं जाहिरातचित्रें गुलबर्ग्याचे चित्रकार एस. एम. पंडित काढूं लागले. बारामती-इंदापुराकडे जत्रेंत तंबूंतला सिनेमा येई, तेव्हां हींच रंगीत चित्रें प्रथम मनांत भरत; सिनेमा मागाहून. शिवाय कित्येकदां सिनेमा नष्ट होतो आणि कागद राहतो. १४ मार्च १९३१ रोजीं लागलेल्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. त्याची ओळख पटते ती छायाचित्रांवरून आणि जाहिरातींवरून.

अशी वस्तु हातीं लागल्यास अस्सल व नक्कल कशी ओळखावी? प्रथम माप घ्यावें. नक्कल बहुधा मापांत चुकते. मग भिंग लावावें. जुन्या शिळाछापाच्या भित्तिपत्रकांत रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. हल्लींच्या नकलेंत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. १९४० नंतरच्या अमेरिकन कागदाच्या खालच्या कडेस बहुधा लहानसा आंकडा असतो. त्यांतील पहिले दोन अंक वर्षाचे. घडीच्या खुणा दिसल्या तर हळहळूं नये; त्या काळीं भित्तिपत्रकें घडी घालूनच पाठवीत.

जपण्याची रीति सोपी आहे. चिकटपट्टी लावूं नये. तिचा डाग जन्मभर राहतो. कडा कापून सारख्या करूं नयेत, प्लास्टिकांत मढवूं नये, उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये. आम्लरहित कागदांत सपाट ठेवावें आणि कसर व वाळवी यांसाठीं दर ऋतूंत एकदां पाहावें. घरीं सांभाळणें होत नसल्यास पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तेथें भित्तिपत्रकें, छायाचित्रें व गाण्यांच्या चोपड्याहि जतन होतात.

दोन्ही कार्डें तेथेंच द्यावीं, असें आम्हीं ठरविलें होतें. परंतु एक सहज उलटलें, तों पाठीवर काकांच्या अक्षरांत शिसपेन्सिलीनें लिहिलेलें: “अक्का बरोबर होती. घरीं सांगितलें नाहीं.” अक्का म्हणजे आमची आत्या. विसाव्या वर्षीं वैधव्य आलें, पुढचा जन्म आमच्या स्वयंपाकघरांत गेला. सिनेमाचें नांव निघालें कीं ती उठून आंत जाई. आम्ही त्यास तिरस्कार समजत होतों. तिचा एक दिवस धाकट्या भावानें असा जपून ठेवला होता, आणि तो आम्ही किलोच्या भावानें विकण्यास निघालों होतों!

एक कार्ड संग्रहालयास गेलें. दुसरें वांटणीच्या यादींत कोणाच्या नांवें लिहावें, असा प्रश्न निघाला, तेव्हां ज्यांनीं ट्रंक रिकामी करविली त्या आमच्या धाकट्या भावजयच म्हणाल्या, “तें माझ्याकडे असूं द्या, भाऊजी. मी सांभाळीन.” कोणीहि नाहीं म्हटलें नाहीं.

वाचकांस विनंति इतकीच, कीं कागद तराजूंत घालण्यापूर्वीं एकदां उलटून पाहावा.