निसर्गाच्या नावावर खपवलेली हिंसा

"माणूस मुळातच हिंसक आहे" हे वाक्य फार सोयीचं आहे. दंगल झाली, गावानं बहिष्कार टाकला, वस्ती जाळली, की शहाणी माणसं मान हलवून हेच सांगतात. पुरावा म्हणून हमखास विल्यम गोल्डिंगची 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज' (१९५४) ही कादंबरी पुढे येते. जी. ए. कुलकर्णींनी तिचा मराठी अनुवाद केला आहे. निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुलं, सोबत एकही मोठा माणूस नाही, आणि बघता बघता मुलंच मुलांचे जीव घेतात. निष्कर्ष तयार असतो: कायदा हटला की आतला पशू बाहेर येतो.

आमचं म्हणणं एवढंच, की ही कादंबरी पुन्हा वाचा. ही मुलं कोरी पाटी घेऊन बेटावर उतरत नाहीत. जॅकची टोळी म्हणजे चर्चच्या गायनवृंदातली मुलं. ती गणवेशात, रांगेनं, हुकमावर चालत येतात. दुसरीकडे जाडा, दमेकरी, चष्मेवाला एक मुलगा आहे. त्याच्या बोलण्यावरून त्याचा खालचा वर्ग लगेच कळतो. सगळे त्याला 'पिगी' म्हणून हिणवतात आणि त्याचं खरं नाव वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. शहाणपणाचं तोच बोलतो आणि जीवही गमावतो. ही उतरंड बेटावर उगवली काय? ती विमानातून सोबत आली. दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढलेल्या गोल्डिंगला 'आम्ही सुसंस्कृत' हा इंग्रजांचा गर्व उतरवायचा होता, ते ठीकच. पण त्यातून अख्ख्या मानवजातीवर आरोपपत्र ठेवलं, की खरे आरोपी गर्दीत मिसळून सुटतात.

आता आपल्या रायगड जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं महाड पाहा. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. म्हणजे कायदा हटला नव्हता, कायदा आपल्या बाजूनं होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेला आलेले लोक ते पाणी प्याले. लगेच अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपात शिरला, जेवणाऱ्यांना झोडपलं, परतणाऱ्यांना रस्त्यात गाठलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. चिडलेले आपले लोक फक्त हुकमाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी हात उचलू दिला नाही.

हिंसा हाच स्वभाव असेल, तर एकाच गावात, एकाच दिवशी तिघांचं वागणं तीन तऱ्हेचं कसं झालं? मारणारा, आसरा देणारा आणि मार खाऊनही हात आवरणारा, तिघंही माणसंच होती. अफवेनं ठिणगी टाकली हे खरं, पण दारू मनुस्मृतीनं आधीच भरून ठेवली होती. म्हणून तर त्याच महाडात २५ डिसेंबरला ती जाळली.

याच जिल्ह्यात पेणजवळच्या जोहे-हमरापूरला गणपतीचे कारखाने आहेत. तिथल्या कारागिराला विचारा, मातीला आकार कोण देतं? साचा. साचा वाकडा असेल तर मातीला दोष देऊन मूर्ती सरळ होत नाही. माणसातही राग आहे, भीती आहे. तो राग कुणावर काढायचा आणि कुणाला हात लावला तर शिक्षा होत नाही, हे मात्र जात शिकवते. आणि शिकवलेलं बदलता येतं. अंगुलिमालाला बुद्धांनी 'जन्मजात खुनी' ठरवलं असतं, तर तो भिक्खू झालाच नसता.

हा वाद पुस्तकी नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. दोषींना शिक्षा झाली, पण उच्च न्यायालयानं २०१० मध्ये तो सूडाचा प्रकार मानला आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. सूड म्हणजे मनुष्यस्वभाव! असा स्वभाव पुढे आला की जात कागदावरून पुसली जाते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी 'माणूसच वाईट' असं म्हटलं, तर त्याला विचारा: लाठी कुणाच्या हातात होती, डोकं कुणाचं फुटलं, आणि दर वेळी तेच का फुटतं?

जय भीम!