धरणाचा आलेख वाचताना



खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांवर पुणे शहर आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती अवलंबून आहे. चारही भरली की साठा सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. तो घटतानाचा आलेख कसा वाचावा?

आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर पाणी. समजा, १ मार्चला १७ व १० एप्रिलला ११ टीएमसी आहे. ४० दिवसांत ६ टीएमसी उतरले. सहाला चाळीसने भागा. रोजची सरासरी ०.१५. या दराने उरलेले पाणी ७३ दिवस, २२ जूनपर्यंत पुरेल.

आता २१ मार्चचा बिंदू पाहा. तेथे १६ टीएमसी आहे. पहिल्या २० दिवसांत एकच गेले. कालव्याचे आवर्तन सुटल्यावर पुढच्या २० दिवसांत पाच. म्हणजे रोज ०.२५. हाच उतार राहिला तर २४ मेलाच, पावसाआधी, धरण रिकामे! शिवाय पिण्याचे पाणी आधी राखले जाते.

तेव्हा चाऱ्याचा मका पेरण्यापूर्वी आलेखाचा शेवटचा उतार मोजा. विहिरीलाही हाच हिशेब लावा. दर आठवड्याला दोरीने पाणी मोजून वहीत मांडा.