पायांवरची सूज

धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा करायची आणि वर्षभर दुखणे अंगावर काढायचे, ही आम्हा मध्यमवर्गीयांची जुनी रीत! देवळीतले आमचे शेजारी नाना त्याच पंथाचे. सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पायांवर, लघवीला फेस. "वय झालं ना, मास्तर!" म्हणून हसत. एके रात्री कुशीत कळ उठली, लघवी लाल झाली. तेव्हा कुठे वर्धा ओलांडून सेवाग्रामच्या रुग्णालयात गेले.

सोनोग्राफीत दिसले, मूत्रपिंडाच्या शिरेत रक्ताची गुठळी! मूत्रपिंडाची चाळणी बिघडली की लघवीवाटे प्रथिने वाहून जातात. रक्त गोठू न देणारी प्रथिनेही त्यांतच जातात. मग रक्त शिरेतच थिजते. मूत्रपिंडाचा कर्करोग, आणि तान्ह्या मुलांत जुलाबांनी आटलेले अंगातले पाणी, हीही कारणे. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर गाठ प्राणाशीच.

उपचार म्हणजे आधी बहुधा हेपॅरिनची इंजेक्शने, मग गोळ्या. त्यांतली वॉरफॅरिन १९४८ साली उंदीर मारायला बाजारात आली आणि १९५४ साली माणसांचे औषध ठरली! मात्रा कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून वरचेवर रक्ततपासणी आणि महिनोन्महिने धीर. शिवाय मूळ विकारावरचे औषध वेगळेच.

परवा नाना म्हणाले, "मास्तर, सूज उतरली. गोळी सोडू का?"

म्हटले, "नाना, ते डॉक्टरांना विचारा. मी फक्त शुद्धलेखन तपासतो!"