लोखंडाचा नांगर आणि बांधलेला पगार

धंद्यात रूढ वाट सोडून स्वतःच्या मताने वागणाऱ्या पुरुषाचे चरित्र आपल्या घराघरांत मोठ्या आवडीने वाचले जाते. मात्र तेच चरित्र आपल्या मुलाने आचरणात आणावयाचे ठरविले की घरातील वातावरण एकदम पालटते. पगार बरा चालला असता हे डोहाळे कशाला, असा प्रश्न प्रथम आई विचारते, आणि वडील वर्तमानपत्र खाली न ठेवता तोच प्रश्न मौनाने विचारतात. म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्राचा जो भाग सोहळ्यांत सांगितला जात नाही, तो आज येथे मांडावयाचा आहे.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, १८६९ साली जन्मलेले हे गृहस्थ. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने मात्र त्यांची नाराजी पत्करून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट धरली. तेथे रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस नीट कळत नाहीत असे आढळून आले, तेव्हा चित्रकला सोडून त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांचे शिक्षण घेतले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षकाची जागा मिळाली. अशी जागा त्या काळी कोणत्याही घरात देवापुढे साखर ठेवण्यासारखी होती. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले, आणि त्यांनी नोकरीस रामराम ठोकला. बेळगावास बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान होतेच. पंडिताच्या मुलाने हातास तेल लावून चाके दुरुस्त करावीत, हे पुष्कळांना रुचले नसेल. पण दुकान चालले.

खरी परीक्षा पुढे आली. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि नंतर लोखंडाचा नांगर. नांगर उत्तम, गिऱ्हाईक मात्र नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली! या दोन वर्षांकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. चरित्रकार ती एका वाक्यात उरकतात. परंतु ज्या घरात भट्टी पेटते आणि माल कोठारात पडून राहतो, त्या घरात दोन वर्षे म्हणजे सातशेतीस सकाळी असतात. प्रत्येक सकाळी लोक जे मागतात तेच करून द्यावे असा मोह होत असला पाहिजे. लक्ष्मणराव तेथे ढळले नाहीत.

मात्र याला हेकटपणा म्हणणे मला पटत नाही. शेतकऱ्याला मूर्ख ठरवून त्यांनी नांगर माथी मारला नाही. कामात उतरलेल्या नांगरानेच त्याची समजूत पालटू दिली. ज्याला जगाचे ऐकावयाचे नाही आणि जगाला दाखवावयाचेही काही नाही, त्याच्या स्वतंत्र बाण्याला आमच्या गावाकडे निराळे नाव आहे. ते येथे छापण्याजोगे नाही.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळ सुमारे ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि नाग यांखेरीज तेथे काही नव्हते. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन त्यांनी त्या माळावर वस्ती केली. येथेही नियम त्यांचे स्वतःचे. वसाहतीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक त्यांनी घातला, तोही अशा काळात की सुशिक्षितांच्या घरी पाणी वेगळे ठेवले जाई. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी पहारेकरी नेमले. आजचे कारखानदारही अशा माणसाचा अर्ज बहुधा उघडूनसुद्धा पाहणार नाहीत.

आता आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या याद्या काढून पाहाव्यात. 'स्वतःचा व्यवसाय' या शब्दांपुढे स्थळ पाहणारे किती क्षण थांबतात? पूर्वी सरकारी कचेरी होती, आज संगणक कंपनी आहे, अपेक्षा तीच. मुलाने धंदा काढावा असा माझा आग्रह नाही. पुष्कळांचा पिंड नोकरीचाच असतो, आणि त्यात उणे काही नाही. पण ज्याचा पिंड निराळा आहे त्याच्या त्या दोन वर्षांचा घरखर्च कोण उचलणार, हे घरातील वडीलधाऱ्यांनी आधी बसून ठरवावे. बेळगावास निदान सायकलींचे दुकान आणि भाऊ, दोन्ही होती.

कुंडल रोड हे नाव आता रेल्वेच्या वेळापत्रकात सापडत नाही. त्या स्थानकास किर्लोस्करवाडी म्हणतात.